बोटाएवढी खिट्टी

शेफील्डमध्ये सपाट रस्ते आहेत म्हणे.
असतील.
आमची वॉकलीतली गल्ली अशी उभी
की पिशवीतून बटाटा निसटला
तर खाली ट्रामच्या रुळांपाशीच भेटतो.

डावा गुडघा गेला, तेव्हा मी क्लच सोडला.
राखाडी ऑटोमॅटिक घेतली, सेकंडहँड,
आधीच्या मालकाच्या कुत्र्याचे केस
अजून मागच्या सीटवर.
मला वाटायचं, पी म्हणजे झालं.
दांडा पुढे ढकलायचा
आणि बाकीचं लोखंडावर सोपवायचं.

फेब्रुवारीत, नाइट ड्यूटीवरून येताना,
कुणाची तरी कचऱ्याची बिन वाटेत.
दोन मिनिटांचं काम, इंजिन चालूच ठेवून उतरले.
दांडा पीच्या उंबऱ्यावर होता,
आत गेलाच नव्हता.
गाडी आधी विचारात पडल्यासारखी हलली,
मग उघड्या दारासकट मागे निघाली, सावकाश,
माहेरी निघालेल्या बाईसारखी.
मी बॉनेटवर हात टेकला. खरंच टेकला.
मिसेस ऑसगुडच्या भिंतीनं तिला थांबवलं, मी नाही.

क्लिफर्ड मेकॅनिक आधी हातावर बोलला.
"दीड टन वजन. आणि तू हात दाखवतेस?"
मग चहाच्या कपाखालच्या कागदावर
त्यानं एक दातेरी चाक काढलं,
आणि त्याच्या खाचेत पडणारी
बोटाएवढी खिट्टी.
"पी म्हणजे एवढंच," तो म्हणाला.
सकाळी दांडा ओढताना खण्णकन वाजतं ना?
ती रात्रभर टांगणीला लागलेली असते.
आख्खी गाडी तिच्या एका दातावर.

त्यानं मला क्रम शिकवला, लहान मुलाला
बूट घालायला शिकवतात तसा.
पाय ब्रेकवर. दांडा एनवर.
हँडब्रेक ओढ, पुरता.
आता पाय हळूच उचल,
इंचभर मागे सरेल, सरू दे.
"बसू दे तिला," असंच काहीतरी म्हणाला
त्याच्या यॉर्कशरी बोलीत.
मग पुन्हा ब्रेक, आणि सगळ्यात शेवटी पी.
तोंड चढाकडे असेल तर चाकं रस्त्याकडे वळवलेली,
उताराकडे असेल तर फुटपाथकडे.
आणि इंजिन बंद केल्याशिवाय
बिनलासुद्धा हात लावायचा नाही.

नोव्हेंबरात उलटंच झालं. दांडा पीमधून निघेचना.
मी ब्रेकवर जीव खाऊन पाय दाबतेय
आणि गाडी ढिम्म.
ऑसगुडबाईंचा नातू मागे उभा राहून ओरडला,
"दिवे लागत नाहीयेत!"
पॅडलजवळचा एक स्विच गेला होता, नऊ पौंडांचा.
मी दाबतेय हे तिच्यापर्यंत
पोचतच नव्हतं.
दांड्याशेजारी एक झाकण असतं, नखाएवढं;
हँडब्रेक ओढलेला आहे ना बघून
आत चावी दाबली की दांडा सुटतो.
सुटला. पण ब्रेकचे दिवे नसताना
रस्त्यावर जायचं नाही, म्हणून कुठेच गेले नाही.
क्लिफर्ड येईपर्यंत चालू हीटरपुढे
स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखी बसून राहिले.

परवा दादाचा मिरजेहून फोन.
आईच्या पाठीला जखम झालीय, रात्री तीनदा उठवते,
नर्स परवडत नाही, त्याची फिरतीची नोकरी.
"पण वहिनी बघते सगळं," तो म्हणाला,
"तिचं काही म्हणणं नसतं."

मला कुठेतरी खण्णकन ऐकू आलं.

म्हटलं, तिला दे फोन.
तिकडे रात्रीचे साडेअकरा.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.
पैशांचं बोलायला हवं होतं,
मार्चमध्ये मी येते म्हणायला हवं होतं,
तोंडातून निघालं ते, "जेवलीस?"

भांड्याचा आवाज. खुर्ची ओढल्याचा.
"आत्ताच बसतेय गं," ती म्हणाली.

बस, म्हटलं. मी आहे फोनवर.